पार्सल अडवलं म्हणून राग कोणावर काढायचा?

दिवाळीच्या आधी महिनाभर नागपुरात घरोघरी एकच विषय असतो, पोरगा मेलबर्नला, पोरगी न्यू जर्सीला, फराळ कसा पाठवायचा, किलोमागे कोण किती घेतं. आणि दिवाळी झाली की दुसरा विषय सुरू होतो, आमचं पार्सल अडवलं. मग सगळ्यांचं मत ठरलेलं असतं की तिकडचे लोक उगाच त्रास देतात, आपल्या घरच्या डाळीत यांना काय विष दिसतं, स्वतःचा माल जगभर विकतात आणि आईच्या हातचं मात्र कचऱ्यात टाकतात. हे मी इतक्या घरांत ऐकलंय की यावर एकदा नीट लिहावंसं वाटलं, कारण मला हे मत पटत नाही, आणि विदर्भातल्या माणसाने असं बोलावं हे तर अजिबातच पटत नाही.

माझं म्हणणं असं आहे की क्वारंटाइनचे नियम, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालाबरोबर कीड-रोग देशात शिरू नये म्हणून केलेले नियम, बरोबर आहेत, कडक आहेत तेही बरोबर आहे. राग काढायचाच असेल तर तो इकडे काढा, जिथे पार्सलचे पैसे पूर्ण मोजून घेतात पण आतलं काय चालतं आणि काय चालत नाही हे कोणी सांगत नाही, उलट कधी कधी खोटंच लिहून देतात.

आधी डाळ-तांदळाचं बघू. आपल्याकडे धान्यात सोंडे-टोके होणं म्हणजे रोजचंच, उन्हात घातलं, पाखडलं, डब्यात कडुलिंबाचा पाला टाकला, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावला की झालं. पण ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका ज्याला घाबरतात तो वेगळा आहे, खापरा भुंगेरा. मूळचा आपल्याच भागातला, भारतीय उपखंडातला. मोठा भुंगेरा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, नुकसान करते ती त्याची अळी, तांबूस रंगाची, अंगभर केस असलेली. ही अळी धान्यात तर असतेच पण पोत्याच्या शिवणीत, खोक्याच्या घडीत, गोदामाच्या भिंतीच्या फटीत जाऊन बसते आणि खायला काही मिळालं नाही तरी झोपल्यासारखी पडून राहते, एक-दोन महिने नाही, काही वर्षं. औषधालाही सहजासहजी दाद देत नाही. धान्य खाते ते वेगळंच, वर तिची टाकलेली कात आणि केस धान्यात मिसळतात, ते पोटात जाणं लहान मुलांना तर फारच वाईट. आणि या भुंगेऱ्याला पंख असले तरी तो उडताना दिसत नाही. म्हणजे जगात जिथे जिथे तो पोचला तिथे माणसाच्या सामानातूनच पोचला. हे लक्षात घेतलं की पार्सलवरच इतका डोळा का, ते वेगळं सांगावं लागत नाही.

१९५३ साली तो कॅलिफोर्नियातल्या गोदामात सापडला. मग अख्खी गोदामं ताडपत्रीखाली झाकून विषारी धुरी द्यायची मोहीम सुरू झाली, ६०० च्या वर ठिकाणी हे करावं लागलं, १९६६ पर्यंत काम चाललं आणि खर्च आला सुमारे १ कोटी १० लाख डॉलर, तेही त्या काळातले. ऑस्ट्रेलियाची गव्हाची निर्यात एवढी मोठी आहे की त्यांच्याकडे हा किडा घर करून बसला तर त्यांचा गहू घ्यायला बाकीचे देश नकार देतील. म्हणून २०२० मध्ये त्यांनी टपालाने आणि प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, हरभरा, मसूर, तूर, मूग, जिरे, धने, सुकी मिरची असल्या बऱ्याच गोष्टी बंदच करून टाकल्या. अमेरिकेतही खापरा असलेल्या देशांतून घरगुती पार्सलमधला तांदूळ चालत नाही, आणि त्या देशांच्या यादीत भारत आहे. आता आपल्या भागातली पाठवणी आठवून बघा, भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ, भिवापूरची मिरची, घरची तूर, सावजी मसाल्यासाठी अख्खे धने. बरोबर त्या यादीतच बसणारं सगळं. कोणी आपल्यावर नेम धरून यादी केलेली नाही, या किड्याला जे आवडतं ते आणि आपल्याला जे आवडतं ते एकच आहे, एवढंच.

यावर लोक म्हणतात की आमची डाळ स्वच्छ आहे, निवडून, उन्हात वाळवून दिलीय. मान्य. पण तिकडच्या इन्स्पेक्टरसमोर एका दिवसात किती घरांची खोकी येत असतील, त्यातलं कोणाचं कुठल्या डब्यातून निघालं हे त्याला कसं कळणार? एरंडेलाचा हात लावला होता हे त्याला कोण सांगणार? मोठा निर्यातदार पाठवतो तेव्हा धुरी दिल्याचा कागद असतो, सरकारी फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे मालात कीड-रोग नाही असा दाखला असतो, काही निघालं तर जबाबदार कोण त्याचं नाव-पत्ता असतो, पुढच्या वेळी त्याचा माल अडवता येतो. घरगुती पार्सलच्या मागे यातलं काहीच नसतं, फक्त आपला शब्द असतो. आणि हो, खापरा मोठ्या मालातूनही जातोच, २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात तो बाहेरून आलेल्या फ्रिजच्या आणि लहान मुलांच्या उंच खुर्च्यांच्या पॅकिंगमध्ये सापडला, धान्याचा दाणासुद्धा नव्हता त्यात. मग त्यांनी कंटेनरलाही नियम लावले. म्हणजे मोठ्यांना मोकळं सोडून फक्त आईच्या डब्यामागे लागलेत असं नाही.

पण मी विदर्भाचं नाव घेतलं ते वेगळ्या कारणासाठी. गुलाबी बोंडअळी. २०१७ च्या हंगामात आपल्याकडे काय झालं ते इथे कोणाला सांगायची गरज नाही, बोंड बाहेरून हिरवंगार आणि फोडलं की आत अळी, वेचाईचा खर्चही निघत नव्हता म्हणून लोकांनी उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर फिरवला. या अळीची पहिली शास्त्रीय नोंद झाली ती भारतातच, १८४३ साली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती इजिप्तला पोचली, तिथून १९११ च्या सुमारास मेक्सिको आणि ब्राझीलला, आणि १९१७ ला टेक्सासमध्ये. समुद्र काही उडून पार केला नाही तिने. ही अळी काय करते, दोन सरक्या आपल्या धाग्याने एकमेकींना चिकटवते आणि त्यांच्या आत बसून राहते, कित्येक महिने. वरून बघाल तर नुसती सरकी. बियाणं म्हणून कोणीतरी कुठेतरी चांगल्या हेतूनेच पाठवलं असेल ते, नवीन जात लावून बघू, उत्पन्न वाढेल म्हणून. अमेरिकेला तिच्यातून सुटायला शंभर वर्षं लागली, विमानातून नपुंसक पतंग सोडले, कापसाच्या जाती बदलल्या, शेतकऱ्यांनी स्वतः पैसे घातले, तेव्हा कुठे २०१८ मध्ये त्यांच्या कृषी खात्याने अळी संपल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे ती अजून आहेच. हे सगळं भोगलेल्या भागातल्या माणसाने बियाण्याची पुडी अडवली म्हणून तिकडच्या अधिकाऱ्याला शिव्या द्याव्यात का?

आणि संत्रा. यावर थोडं जास्त लिहितो कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. कढीपत्ता, आपला गोडलिंब, हा संत्र्याच्याच कुळातला आहे. त्यामुळे संत्र्यावर येणारा सिट्रस सायला नावाचा इवलासा किडा त्याच्यावर मजेत राहतो. काटोल-वरूडकडच्या बागायतदारांना तो ओळखीचा आहे, नव्या नवतीवर, म्हणजे कोवळ्या पालवीवर, डोकं खाली आणि बूड वर करून तिरपा बसतो, पिल्लं कोवळ्या पानांना चिकटून पांढरे मेणचट धागे सोडतात. हा किडा ग्रीनिंग रोगाचे जिवाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. ग्रीनिंग झालं की पानं पिवळी-हिरवी चट्ट्यापट्ट्याची होतात, फळ वेडंवाकडं, खालून हिरवंच राहतं, गळतं, आणि झाड हळूहळू वाळत जातं. एकदा लागलं की बरं करणारं औषध नाही. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला. त्याच्या आधी, २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्याच्या २४ कोटी २० लाख पेट्या निघाल्या होत्या, एक पेटी साधारण ४१ किलोची. २०२२-२३ मध्ये निघाल्या १ कोटी ६० लाखांपेक्षाही कमी. वादळांचाही त्यात वाटा आहे, पण बागा मोडल्या त्या मुख्यतः ग्रीनिंगने.

आता २००९ ची गोष्ट. कॅलिफोर्नियात फ्रेस्नो नावाच्या गावी मालाची तपासणी चालू असताना वास घेणाऱ्या कुत्र्याने एक बॅग दाखवली. बॅग भारतातून आलेली. आत पेरू आणि कढीपत्ता. त्या पानांवर सायला होते आणि तपासले तर त्यांच्यात ग्रीनिंगचे जिवाणू निघाले. ज्या कोणी ती पानं भरली त्याच्या मनात काय असेल, पोहे, कढी, सांबार, दुसरं काय. तिकडचा कढीपत्ता महाग मिळतो, वास नसतो, म्हणून अंगणातल्या झाडाच्या दोन डहाळ्या तोडून घातल्या असतील. यात कुठेही दुष्टपणा नाही. तरी ती बॅग पुढे गेली असती आणि कोणाच्या परसदारात, लिंबाच्या झाडाजवळ उघडली असती तर? आपल्या वरूड-मोर्शीच्या बागायतदाराला विचारा ना, बाहेरून नवीन रोग घेऊन येणारी एक पिशवी पकडली तर तो पकडणाऱ्याचे आभार मानेल की राग धरेल. तिकडचा बागायतदारही तसाच माणूस आहे, त्याच्यावरही कर्ज आहे.

म्हणून नियमांवर माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती नियम आपल्यापर्यंत पोचतच नाहीत याच्यावर.

परदेशी पार्सल करताना कस्टमचा एक फॉर्म भरतात, टपालाचा असेल तर सीएन २३. त्यात आतल्या प्रत्येक वस्तूचं नाव, नग, वजन, किंमत लिहायची असते, आणि त्याच फॉर्मवर एक जागा असते जिथे माल क्वारंटाइन किंवा फायटोसॅनिटरी तपासणीत बसतो का ते लिहायचं. खाली सही. सही कशावर? की आत कायद्याने, टपालाच्या किंवा कस्टमच्या नियमाने बंदी असलेली कुठलीही वस्तू नाही. सही पाठवणाऱ्याची. म्हणजे ज्या साठीच्या बाईने आयुष्यात विमानतळसुद्धा एकदाच बघितलाय ती इंग्रजी-फ्रेंच फॉर्मवर सही करून सांगते की ऑस्ट्रेलियाचा जैवसुरक्षेचा कायदा मला माहीत आहे आणि मी तो मोडलेला नाही. तिला तो कायदा कोणी सांगितला? कोणीच नाही. काउंटरवर वजन सांगतात, पैसे सांगतात, किती दिवसांत पोचेल ते सांगतात, बस.

आणि कुरिअरच्या काही एजंटांचं तर विचारूच नका. एका दुकानात माझ्यासमोर एका काकूंनी सांगितलं की आत तूर डाळ दोन किलो, धने, मिरची आणि थोडं तूप आहे, काउंटरवरच्या पोराने मान न उचलता टाइप केलं, कपडे आणि घरगुती वस्तू. काकूंनी विचारलं असं कसं रे बाबा, तर म्हणे असंच लिहावं लागतं, नाहीतर अडकते. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. नियम मोडायला लावतो हा, आणि उद्या पकडलं गेलं तर नाव कोणाचं, काकूंचं आणि तिकडे घेणाऱ्या त्यांच्या मुलीचं. तिला तिकडून पत्र येतं की तुमच्या नावाने आलेल्या मालात असं असं सापडलं, आता परत पाठवायचं असेल तर खर्च तुमचा, नाहीतर नष्ट करतो. व्हिसावर राहणाऱ्या मुलीला असल्या पत्राची किती धास्ती बसत असेल याचा तो पोरगा विचार करत नाही. आणि खोटं लिहून फायदाही फारसा नाही, कारण एक्स-रेमध्ये डाळ कपड्यासारखी दिसत नाही आणि कुत्र्याला फॉर्म वाचता येत नाही. वर आता बहुतेक ठिकाणी पार्सलचं वर्णन पार्सलच्या आधीच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तिकडे पोचलेलं असतं, अमेरिकेने तर २०१८ मध्ये त्यासाठी कायदाच केला, त्यामुळे नुसतं खाऊ किंवा गिफ्ट लिहिलं की संशय वाढतो, आणि नीट लिहिलं की निदान तपासणाऱ्याला कळतं की कशाशी गाठ आहे.

नियम सांगणं अवघड आहे, देशागणिक वेगळे आहेत, सारखे बदलतात, असं कोणी म्हणेल. बदलतात खरं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये ड्यूटीच्या भानगडीने अमेरिकेची पार्सलं टपाल खात्याने थांबवली तेव्हा दोन दिवसांत गावोगावच्या लोकांना कळलं की नाही, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली तेही कळलं. मनावर घेतलं की सांगता येतं. आपली पार्सलं जातात तरी किती देशांत, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, जर्मनी, कॅनडा, न्यूझीलंड, आखात, सिंगापूर, यात नव्वद टक्के लोकांचं काम होईल असं मला वाटतं. तेवढ्या देशांचा एक मराठी तक्ता बुकिंगच्या खिडकीशेजारी भिंतीवर लावायला काय लागतं? ऑस्ट्रेलियाला कच्ची डाळ, तांदूळ, अख्खे धने-जिरे, सुकी मिरची नाही. अमेरिकेला तांदूळ नाही, ताजा कढीपत्ता नाही. ब्रिटन आणि युरोपला मांस आणि दूध-तूप-खवा नाही. न्यूझीलंडला मध नाही. बियाणं, रोपं, कलमं, माती कुठेच कागदाशिवाय नाही. एवढं वाचून निम्म्या लोकांची डाळ घरीच राहील आणि त्या जागी चकली जाईल, जी तळलेली असल्यामुळे खापऱ्याच्या त्या यादीत येतच नाही. लोकांना नियम मोडायची हौस नसते हो, त्यांना माहीत नसतं.

आणि नागपूरला तर हे करायला आणखी एक सोय आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथे आहे, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था अमरावती रोडवर आहे. ज्या बोंडअळीबद्दल आणि सायलाबद्दल मी वर लिहिलं त्यांचे खरे जाणकार याच शहरात बसतात. त्यांनी वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, टपाल आणि कुरिअरच्या काउंटरवाल्यांना बोलावून अर्धा दिवस हे किडे काचेखाली दाखवले, तर नियमाचा कागद पाठ करून घेण्यापेक्षा त्याचा कितीतरी जास्त उपयोग होईल. ज्याने चिकटलेल्या दोन सरक्या एकदा सुईने उघडून बघितल्या तो परत कधी बियाण्याच्या पुडीवर घरगुती वस्तू लिहिणार नाही असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट कागदाची. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट ही सोय मोठ्या निर्यातदाराला डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. बचत गटाच्या बायका भिवापूरची मिरची परदेशात थोडी थोडी विकू म्हणाल्या तर त्यांना ती सगळी प्रक्रिया झेपत नाही. इथे सरकारने खरंच काही करायला हवं, लहान मालाची एकत्र तपासणी, ठरावीक दिवशी, ठरावीक ठिकाणी, परवडेल अशा फीमध्ये. जे देश सर्टिफिकेटवर माल घेतात तिथे तरी सरळ रस्ता मिळेल. सरळ रस्ता इतका लांबचा ठेवला की लोक आडवाटेने जाणारच, आणि आडवाटेने गेलेल्या मालाबरोबर काय जाईल ते कोणालाच कळणार नाही.

हे झालं जाणाऱ्या पार्सलचं. येणाऱ्याकडेही बघा. गाजर गवत तर सगळ्यांना माहीत आहे, अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानतात, १९५० च्या दशकात पुण्यात दिसलं आणि आज समृद्धीच्या कडेने, पडीक प्लॉटवर, शाळेच्या मैदानावर, सगळीकडे तेच. लष्करी अळी मूळची अमेरिका खंडातली, २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याला सापडली आणि त्याच वर्षी आपल्या मक्यात शिरली. २०२० मध्ये अमेरिकेत लोकांच्या घरी न मागवलेल्या बियाण्यांच्या पुड्या यायला लागल्या, पाकिटावर चीनचे पत्ते, वर दागिने असं काहीतरी लिहिलेलं, तेव्हा आपल्या कृषी मंत्रालयानेही राज्यांना सावध केलं होतं. पण आपण स्वतः काय करतो? परदेशातून फॅन्सी फळाच्या बिया ऑनलाइन मागवतो, कोणी येताना बॅगेत कलमाच्या काड्या आणतो आणि ग्रुपवर कौतुकाने फोटो टाकतो. आपल्याकडे २००३ ची प्लांट क्वारंटाइन ऑर्डर आहे, लावायच्या बियाण्याला आयात परवाना आणि तिकडचं सर्टिफिकेट दोन्ही लागतं. पण त्या ऑर्डरच्या मागचा मूळ कायदा १९१४ चा, इंग्रजांच्या काळातला. नवीन कृषी जैवसुरक्षा विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत आलं होतं, ते २०१४ ला लोकसभेबरोबरच बाद झालं. ज्या भागात कापूस आणि संत्रा ही दोनच नावं घेऊन निवडणुका लढवतात तिथल्या एकाही सभेत या कायद्याबद्दल मी चकार शब्द ऐकलेला नाही.

म्हणून माझं मागणं दोन ठिकाणी आहे. खासदार-आमदारांकडे, की हा ११० वर्षांच्या वर जुना झालेला कायदा बदलायला लावा, संत्रा आणि कापूस उत्पादकांच्या संघटनांनीही तो विषय उचलावा. आणि टपाल खातं, कुरिअरवाले, दोघांकडे, की येत्या दिवाळीचं बुकिंग सुरू व्हायच्या आधी तो मराठी तक्ता खिडकीवर लागला पाहिजे आणि खोटं वर्णन टाकणाऱ्या एजंटाचं काम काढून घेतलं पाहिजे. तोपर्यंत ज्यांना पाठवायचंय त्यांनी काउंटरवर मागे लागून प्रत्येक जिन्नस वेगळा, खऱ्या नावाने लिहून घ्या, लिहिलेलं वाचून मगच सही करा, आणि डाळ-तांदूळ तिकडच्या इंडियन स्टोअरमधूनच घ्यायला सांगा.